मुख्य प्रशिक्षक राहावा की जावा? पुण्यातील फुटबॉलप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हंगामात नोव्हेंबर उजाडला, की पुण्यात एकत्र बसून सामने पाहणाऱ्या आमच्या मंडळींमध्ये हा वाद नव्याने सुरू होतो. त्यात इंग्लंडमधल्या निरनिराळ्या क्लबांचे पाठीराखे असतात, राष्ट्रीय संघावर जीव असलेले असतात, आणि बालेवाडीच्या स्टँडमध्ये एफसी पुणे सिटीची नारिंगी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडलेले जुने प्रेक्षकही असतात. नव्याने येणारे तरुण जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्वांचे एकमत होईल अशी अपेक्षा नाही. मात्र वाद कशावरून घालायचा, एवढे तरी स्पष्ट व्हावे.

संघ सलग तीन सामने हरला आहे. आता प्रशिक्षकाविषयी बोलायला हवे ना?

बोलायला हरकत नाही, पण निर्णय देण्याइतका पुरावा तीन सामन्यांत जमा होत नाही. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात, त्यामुळे एक चुकलेली पेनल्टी किंवा बचावपटूच्या पायाला लागून वळलेला एक चेंडू संपूर्ण निकाल फिरवू शकतो. क्रिकेटच्या कसोटीत पाच दिवसांत जो संघ सरस असतो, तो बहुतेक वेळा जिंकतो किंवा निदान हरत नाही. नव्वद मिनिटांच्या सामन्यात तशी खात्री नसते. म्हणून आम्ही साधारण दहा सामन्यांचा टप्पा धरतो, आणि त्यातही प्रतिस्पर्धी कोण होते, किती सामने घरच्या मैदानावर झाले, हे पाहतो. पहिल्या पाच सामन्यांत गुणतालिकेतल्या वरच्या चार संघांशी गाठ पडली असेल, तर त्या पाच सामन्यांवरून काढलेला निष्कर्ष प्रशिक्षकाविषयी कमी आणि वेळापत्रकाविषयी अधिक सांगतो.

मॅनेजर आणि मुख्य प्रशिक्षक हे दोन्ही एकच की वेगळे?

दोन्ही पदे वेगळी आहेत, आणि आमच्या अर्ध्या भांडणांचे मूळ हा फरक न पाहण्यात असते. इंग्लंडच्या जुन्या परंपरेत मॅनेजर हा सराव घेण्यापासून कोणता खेळाडू विकत घ्यायचा इथपर्यंत बहुतेक सर्व गोष्टींना जबाबदार असे. आता अनेक क्लबांत खेळाडूंची खरेदी-विक्री क्रीडा संचालक पाहतो, आणि मुख्य प्रशिक्षकाकडे सराव, संघनिवड, डावपेच आणि सामन्यादरम्यानचे बदल एवढेच राहते. मँचेस्टर युनायटेडमध्ये एरिक टेन हाग यांचे पद मॅनेजरचे होते, तर २०२४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या रुबेन आमोरिम यांची नेमणूक मुख्य प्रशिक्षक म्हणून झाली. तेव्हा ‘चुकीचा स्ट्रायकर आणला’ असा आरोप करण्यापूर्वी तो कोणी आणला, याची चौकशी करावी. हाती दिलेल्या खेळाडूंचे त्याने काय केले, एवढ्यापुरतेच मुख्य प्रशिक्षकाला जबाबदार धरणे न्यायाचे आहे.

निकाल वाईट असले तरी खेळ सुधारतो आहे, हे कसे ओळखावे?

पहिली खूण म्हणजे संघ किती आणि कोणत्या दर्जाच्या संधी निर्माण करतो व प्रतिस्पर्ध्याला किती देतो. यासाठी ‘एक्सपेक्टेड गोल्स’ ही मोजणी आता सर्वत्र वापरली जाते. प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता शून्य ते एक या दरम्यान मांडली जाते. पेनल्टीची किंमत साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात, तर तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याची किंमत नगण्य असते. एखादा संघ दहा सामने या मोजणीत सरस ठरून प्रत्यक्षात हरत असेल, तर दोष बहुधा नेमबाजीत, गोलरक्षणात किंवा नशिबात असतो. उलट, या मोजणीत मागे असूनही जिंकणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांनी वेळीच सावध व्हावे.

दुसरी खूण आकड्यांत सापडत नाही, ती डोळ्यांनी पाहावी लागते. चेंडू गमावल्यानंतरच्या पाच सेकंदांत खेळाडू काय करतात? बचावफळी आणि मधली फळी यांतले अंतर सत्तराव्या मिनिटाला किती वाढते? एकाच प्रकारचा गोल, म्हणजे कॉर्नरवर दूरच्या खांबापाशी मोकळा सुटलेला खेळाडू, दर पंधरा दिवसांनी पुन्हा दिसतो का? जी चूक सरावाने सुधारता येते ती तीन महिने तशीच राहिली, तर मात्र प्रशिक्षकाला संशयाचा फायदा देणे मला कठीण वाटते. पराभवापेक्षा ही न सुधारलेली चूक मला अधिक गंभीर वाटते.

नवा प्रशिक्षक आला की संघ लगेच जिंकू लागतो. मग बदल करण्यात वावगे काय?

आपल्याकडे ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात, आणि या बाबतीत अभ्यासही जवळपास तेच सांगतो. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी नेदरलँड्सच्या अव्वल विभागातील १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षक-बदलांचा अभ्यास केला. बदलापूर्वी कामगिरी घसरते आणि बदलानंतर सुधारते, हे त्यात दिसले. परंतु ज्या संघांची कामगिरी तशीच घसरली होती आणि ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, त्यांच्यातही सुधारणा जवळपास तेवढीच झाली. याचे कारण सोपे आहे. प्रशिक्षकाला काढले जाते ते संघ आपल्या नेहमीच्या पातळीच्या बराच खाली गेलेला असताना. तिथून तो काहीही केले नाही तरी बहुधा वरच येतो, आणि त्या चढाचे श्रेय नव्या माणसाला मिळते.

म्हणजे हंगामाच्या मध्यात बदल कधीच करू नये का?

असे आम्ही म्हणत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांनी २०२३-२४ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम आठवावा. मोहन बागानने जानेवारी २०२४ मध्ये हुआन फेर्रांदो यांना दूर करून आंतोनिओ लोपेस हाबास यांच्याकडे संघ सोपवला. हाबास यांनी १५ एप्रिलला मुंबई सिटीचा २-१ असा पराभव करून लीग शील्ड, म्हणजे साखळी फेरीत अव्वल राहिल्याचा मान, पटकावली. आपल्या शेजारच्या मुंबई सिटीनेही त्याच हंगामात प्रशिक्षक बदलला होता, पण त्याचे कारण वेगळे होते: डेस बकिंगहॅम इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले आणि पेत्र क्रात्की आले. ४ मे रोजी झालेल्या अंतिम सामन्यात याच मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक नेला. अंतिम फेरीतील दोन्ही संघांनी त्या हंगामाची सुरुवात दुसऱ्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली केली होती.

परंतु दोन्ही संघांकडे उत्तम खेळाडू आधीपासून होते, आणि नव्या माणसाकडून काय हवे हे क्लबांना ठाऊक होते, हे विसरू नये. मोहन बागानने तर आपल्याला पूर्ण परिचित असलेला प्रशिक्षक बोलावला. उद्या कोण येणार हे ठरलेले नसताना आज असलेल्या माणसाला काढणे ही निराळी गोष्ट आहे. ‘जावा’ म्हणणाऱ्याने ‘मग कोण?’ याचे उत्तर द्यावे, असा आमच्या चर्चेत संकेत आहे, आणि ते नाव असे असावे जे खरोखर येऊ शकेल.

चषक जिंकून देणाऱ्याला काढणे हा कृतघ्नपणा नाही का?

या प्रश्नावर आमच्यात सर्वांत कडवट वाद २०२५ च्या उन्हाळ्यात झाला. टॉटेनहॅम हॉटस्परने २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमध्ये ३८ पैकी २२ सामने गमावले आणि संघ सतराव्या, म्हणजे पदावनती टाळणाऱ्या शेवटच्या स्थानावर राहिला. त्याच संघाने २१ मे रोजी बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडचा १-० असा पराभव करून युरोपा लीग जिंकली. क्लबला सतरा वर्षांनी मोठा चषक मिळाला. आपल्याकडे तो सामना मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता सुरू झाला होता, आणि पहाटे अडीचला खोलीत दिवे लावून एकमेकांना मिठ्या मारणारे टॉटेनहॅमचे चाहते मी पाहिले आहेत. त्यानंतर सोळाच दिवसांनी, ६ जूनला, प्रशिक्षक आंगे पोस्टेकोग्लू यांना क्लबने पदमुक्त केले.

माझे मत असे, की तो निर्णय क्लेशदायक होता, पण चुकीचा नव्हता. चषक हा झालेल्या कामाचा सन्मान असतो, तर प्रशिक्षकाला ठेवण्याचा निर्णय पुढच्या हंगामासाठी घ्यायचा असतो. रोमेरो, व्हान डे व्हेन आणि गोलरक्षक विकारिओ दीर्घकाळ जायबंदी होते आणि वसंतात युरोपच्या स्पर्धेला प्राधान्य दिले गेले, हे मान्य करूनही २२ पराभवांचा पूर्ण खुलासा होत नाही. माझ्या जवळच्या काही मित्रांना हे मुळीच पटत नाही. ज्या माणसाने आपल्याला आयुष्यभर पुरणारी एक रात्र दिली त्याला निदान नव्या हंगामाची सुरुवात तरी करू द्यायला हवी होती, असे ते म्हणतात, आणि त्या म्हणण्यातली माया मला कळते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण टेन हाग यांचे आहे. २०२३-२४ मध्ये मँचेस्टर युनायटेड लीगमध्ये आठव्या स्थानी राहिले, पण मे महिन्यात एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. क्लबने त्यांना ठेवले, करारही वाढवला, आणि नव्या हंगामातील नऊ लीग सामन्यांनंतर, २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, काढून टाकले. उन्हाळ्यातील खेळाडूंची खरेदी ज्या प्रशिक्षकाला धरून झाली तोच शरद ऋतूत गेला, आणि नवा प्रशिक्षक निराळी रचना घेऊन आला. एका आनंदाच्या दुपारीवरून वर्षभराचा निर्णय घेतला की असे होते.

सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनाही वेळ दिला होता, हा दाखला कितपत खरा?

घटना म्हणून तो पूर्ण खरा आहे. ते नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांना निरोप देणारा फलक झळकला, तो हंगाम संघाने तेराव्या स्थानावर संपवला, पण १९९० मध्येच एफए कप मिळाला आणि पहिले लीग विजेतेपद १९९२-९३ मध्ये आले. परंतु दाखला म्हणून तो अपुरा आहे, कारण ज्यांना वेळ दिला गेला आणि तरीही ज्यांच्याकडून काही घडले नाही, त्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. एका फर्ग्युसनवरून प्रत्येकाला सहा वर्षे देणे हा तर्क होत नाही.

संयमाच्या बाजूने बोलायचे असेल, तर मला आर्सेनलचे मिकेल आर्टेटा यांचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. डिसेंबर २०१९ मध्ये आल्यानंतर त्यांनी एफए कप जिंकला, पण लीगमध्ये सलग दोन हंगाम आठवे स्थान मिळाले, आणि २०२१-२२ चे पहिले तिन्ही सामने एकही गोल न करता गमावल्यावर संघ तळाला गेला. तेव्हा आमच्यातले आर्सेनलचे बहुतेक चाहते ‘जावा’ याच बाजूला होते. पण त्या उन्हाळ्यात काय चालले होते ते पाहणाऱ्याला दिसत होते: वयस्क आणि महागडे खेळाडू जात होते, ओडेगार्ड, बेन व्हाइट, रॅम्सडेल, तोमियासू यांसारखे तरुण येत होते, आणि साका तर घरचाच होता. तो हंगाम पाचव्या स्थानावर संपला आणि त्यानंतरचे तीन हंगाम दुसऱ्या. वेळ दिला म्हणून हे झाले असे म्हणण्यापेक्षा, वेळ देण्यासारखे काहीतरी डोळ्यांसमोर होते म्हणून तो देणे योग्य ठरले, असे मी म्हणेन.

‘ड्रेसिंग रूम हातातून गेली’ हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार?

बहुधा कळत नाही, आणि बातम्यांतल्या निनावी सूत्रांवर विसंबून कोणाच्या पोटावर पाय देऊ नये. मैदानावर दिसते ते एवढेच: पिछाडीवर पडल्यावर संघ धावतो की थांबतो.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकालाही हेच निकष लावावेत का?

नाही, कारण त्याला खेळाडू विकत घेता येत नाहीत आणि सरावासाठी वर्षातून मोजकेच दिवस मिळतात. भारताच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून इगोर स्टिमाच मे २०१९ पासून जून २०२४ पर्यंत होते. विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकल्यावर त्यांना काढण्यात आले. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ असा झालेला पराभव आणि ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी झालेली ०-० अशी बरोबरी, हा त्या प्रवासाचा शेवट होता. त्यानंतर दोहातल्या सामन्यात कतारला वादग्रस्त गोल बहाल केला गेला हे खरे आहे, पण त्या गोलावर सगळा भार टाकणे मला पटत नाही. अफगाणिस्तानविरुद्ध घरच्या मैदानावर जिंकलो असतो, तर दोहाची ती रात्र एवढी निर्णायक ठरलीच नसती.

त्यांच्यानंतर मानोलो मार्केस यांना गोव्याच्या क्लबची जबाबदारी सांभाळत राष्ट्रीय संघ पाहण्यास सांगितले गेले, ही योजनाच मला सदोष वाटली. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली, तेव्हा अनेक वर्षांनी भारतीय माणूस या पदावर आल्याचा आम्हा सर्वांना आनंद झाला. २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून देणारा प्रशिक्षक हाच. पुढे १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ असे हरून २०२७ च्या आशिया चषकाची आशा संपली, आणि लगेच जमील यांच्यावर बोट दाखवले गेले. परंतु त्या गटातील पहिले दोन सामने, बांगलादेशशी घरच्या मैदानावर झालेली गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगमधला पराभव, मार्केस यांच्या काळातले आहेत. हिशेब मांडायचा तर तो पूर्ण मांडावा.

पुण्याच्या स्वतःच्या अनुभवातून काय दिसते?

हा प्रश्न आम्हा जुन्यांना सर्वांत जवळचा आहे, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

पुणे एफसीने आय-लीगमधील पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तिसरे स्थान मिळवले, आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरे. या दोन्ही हंगामांत प्रशिक्षक एकच होते, डेरिक परेरा. मधल्या काळातही त्यांना काढा असे म्हणणारे स्टँडमध्ये होते; क्लबने त्यांचे ऐकले नाही, आणि बालेवाडीला आय-लीगचे सामने पाहायला येणाऱ्या आम्हा थोड्या लोकांना संघाची घडण डोळ्यांसमोर होताना पाहता आली.

एफसी पुणे सिटीची कथा याच्या अगदी उलट आहे. इंडियन सुपर लीगच्या पाच हंगामांत फ्रांको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, हाबास, रांको पोपोविच, मिगेल आंगेल पोर्तुगाल आणि फिल ब्राउन असे सहा प्रशिक्षक झाले, आणि मधल्या काळात प्रद्युम्न रेड्डी यांनी हंगामी जबाबदारी सांभाळली. सहावे, सातवे, सहावे, चौथे, सातवे, अशी ती पाच स्थाने. सलग दोन पूर्ण हंगाम कोणालाच मिळाले नाहीत. यातले हाबास २०१४ मध्ये कोलकात्याला विजेतेपद मिळवून देऊन इथे आले होते आणि इथून गेल्यावर २०१९-२० मध्ये त्यांनी त्याच कोलकात्याच्या संघाला, म्हणजे एटीकेला, पुन्हा विजेते केले. पुण्यात मात्र त्यांना सहावे स्थान मिळाले. माणूस तोच, ज्ञान तेच. ‘प्रशिक्षक बदला म्हणजे सगळे सुधारेल’ असे कोणी म्हटले, की मी ही तीन वर्षे त्याच्यासमोर ठेवतो.

पोपोविच यांनी २०१७-१८ मध्ये संघाला प्रथमच उपांत्य फेरीत नेले. मार्च २०१८ मधील बंगळूरूविरुद्धचा पहिला सामना बालेवाडीला ०-० असा सुटला, दुसऱ्यात सुनील छेत्री यांनी तीन गोल केले आणि आम्ही १-३ असे हरलो. तरीही त्या रात्री आम्हाला हताश वाटले नाही, कारण मार्सेलिन्यो आणि आल्फारो यांच्या आघाडीला खेळताना पाहून पुढच्या वर्षीची ओढ लागली होती. पुढच्या हंगामापूर्वी पोपोविच गेले. पोर्तुगाल यांना तीन सामन्यांनंतर काढले गेले. एका बरोबरीवरून आणि दोन पराभवांवरून त्यांच्याविषयी क्लबला असे काय कळले, जे नेमणूक करताना कळले नव्हते, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता आणि आजही विचारतो.

प्रशिक्षकाऐवजी व्यवस्थापनाला प्रश्न विचारावेत का?

तीन वर्षांत तिसरा प्रशिक्षक जात असेल, तर नक्कीच विचारावेत. नेमणूक कोणी केली, कोणत्या शैलीसाठी केली, आणि खेळाडू त्या शैलीला साजेसे आणले का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. पुण्यात आम्ही ते फार उशिरा विचारले. २०१५ ते २०१९ या काळात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे चारही संघ व्यावसायिक फुटबॉलमधून गेले, आणि त्यांपैकी एकही प्रशिक्षकाच्या चुकीमुळे बंद पडला नाही. आम्ही मात्र त्या काळात बव्हंशी संघनिवडीवरच भांडत राहिलो.

विरोध कसा नोंदवावा?

फलक जरूर धरावा, घोषणाही द्यावी, पण सामना संपल्यावर. चालू सामन्यात आपल्याच बेंचविरुद्ध ओरडल्याने बिथरतो तो एकोणीस वर्षांचा बदली खेळाडू. प्रशिक्षकाचे कुटुंब, देश, वर्ण किंवा भाषा यांवर बोलणाऱ्याला आमच्यात पुन्हा बोलावले जात नाही, मग त्याचे फुटबॉलविषयीचे मत कितीही बरोबर असो.

पुण्याचा संघच सुपर लीगमध्ये नाही, मग हा वाद कशासाठी?

एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीने घेतली आणि पहिल्या हंगामात संघ तळाला राहिला. नंतर मानोलो मार्केस आले. पहिल्या वर्षी पाचवे स्थान मिळाले, उपांत्य फेरी हुकली, आणि क्लबने त्यांना ठेवले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला आणि हैदराबादने चषक उचलला. आमच्यापैकी सात-आठ जण तो सामना एकत्र बसून पाहत होते. शेवटची पेनल्टी जाळ्यात गेल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, की पोपोविच यांना आपण ठेवले असते तर? तिथून जो वाद सुरू झाला, तो अजून चालू आहे.